कालव्याला एक घड्याळ, हायवेला दुसरं

तुळजापूर–नागपूर महामार्गात (क्रमांक ३६१) औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मावेजा किती मिळाला यावर सगळे बोलतात. तो कमी मिळाला तर दाद मागायला किती दिवस मिळतात, यावर कुणीच बोलत नाही.

जमीन कालव्याला गेली तर २०१३ चा भूसंपादन कायदा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत अर्ज करायचा. उशीर झाला आणि कारण पटलं, तर कलम ६४ नुसार जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. तोच शेतकरी, तोच गट नंबर, पण जमीन हायवेला गेली की वाद लवादाकडे. लवादाच्या निवाड्याला जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायचं तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिने. कारण पटलं तर वर तीस दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही! घरात मयत झालेली असो, दवाखान्यात पडलेला असो, न्यायाधीशाला पटलं तरी त्याचे हात बांधलेले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच हे स्पष्ट केलंय.

आणि सुट्टीचं बघा. त्या तीस दिवसांतला शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला, तर कोर्ट उघडल्यावर दाखल केलेला अर्जही बाद. २०१२ च्या निकालात हेच झालं, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. कुलूप कोर्टाला, दिवस मोजायचे शेतकऱ्याचे!

काही वकील मंडळी म्हणतील, सरकारलाही तीच मुदत आहे. आहे ना. पण लवादाचा कायदा मुळात कंत्राटदार-कंपन्यांसाठी. ते करारावर सही करून लवाद मागून घेतात. शेतकऱ्याने कुठं सही केली? महामार्ग कायद्याने लवाद त्याच्या गळ्यात घातला.

जिथं उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, तिथं तो सगळ्यात जास्त कोण मागतं? सरकारी खाती. टपाल खातं ४२७ दिवस उशिरा गेलं, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा, २०२० मध्ये २५ हजारांचा खर्च बसला. कारण दरवेळी एकच, फाईल फिरत होती.

शेतकऱ्यांच्या जुन्या मावेजा प्रकरणांत मात्र कोर्टांनी चांगली वाट काढलीय. उशीर माफ करायचा, पण तेवढ्या काळाचं व्याज द्यायचं नाही. तिजोरीचं नुकसान नाही, शेतकऱ्याचा हक्कही बुडत नाही. हीच तरतूद, कलम ६४ सारख्या एका वर्षासकट, महामार्ग कायद्यात घालायला काय अडचण आहे? नांदेड-लातूरच्या खासदारांनी हे संसदेत विचारावं.

तोवर ज्यांचं प्रकरण लवादाकडे आहे त्यांनी एवढं करा. निवाड्याची सही-शिक्क्याची प्रत हातात पडेल ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा आणि वकिलाला कळवा. मुदत तिथूनच सुरू होते.