परिचारिकेची प्रार्थना आणि रुग्णाचा धर्म

खास प्रतिनिधी

चिंचपोकळी स्थानकापासून जवळच, पूर्वीच्या आर्थर रोडवर म्हणजे आजच्या साने गुरुजी मार्गावर, महापालिकेचे कस्तुरबा रुग्णालय आहे. साथीच्या रोगांचे रुग्णालय ही त्याची ओळख एकोणिसाव्या शतकापासूनची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर रुग्णांना सक्तीने येथे आणले जाऊ लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस परिसरातील सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर चाल केली आणि आत घुसून रुग्णांच्या कक्षात धुमाकूळ घातला.

इतिहासकारांनी या घटनेची जी कारणे दिली आहेत, त्यांत औषधोपचारांविषयीच्या अफवा आहेतच. पण त्याहून खोल असलेली भीती वेगळी होती. आपल्या माणसापासून तोडले जाऊ, परक्याच्या हातचे पाणी प्यावे लागेल, अखेरच्या क्षणी तोंडात गंगाजळ पडणार नाही की कानावर कलमा येणार नाही, आणि मृत्यूनंतर देहाचे काय होईल हे घरच्यांना कळणारही नाही, अशी ती भीती होती. प्रशासनाने पुढे निरनिराळ्या जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालये उघडू दिली, तेव्हा हा विरोध बराच निवळला. उपचार फारसे बदलले नव्हते, त्या काळी प्लेगवर खात्रीचा उपचारच नव्हता. बदलले होते ते खाटेशेजारी बसणारे माणूस.

रुग्णाच्या श्रद्धेची दखल घेतली नाही, तर वैद्यकीय व्यवस्थाच कोलमडते, हा धडा मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वी याच परिसरात मिळाला. परिचारिका, तिची श्रद्धा आणि रुग्णाचे मन यांचा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आहे. मात्र ही चर्चा जवळजवळ पूर्णपणे धर्मांतर या एकाच शब्दाभोवती फिरते आहे. त्यामुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो.

‘सिस्टर’ या शब्दाचा इतिहास

मुंबईच्या कोणत्याही वॉर्डात रुग्ण परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतो. ती कोकणातली असो, केरळची असो, हिंदू असो वा बौद्ध. अलीकडे पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणतात. हे दोन्ही शब्द ख्रिस्ती मठांतून आले, याची जाणीव आता कुणाला राहिलेली नाही. युरोपात आजाऱ्यांची शुश्रूषा हे दीर्घकाळ धर्मसंघांचे काम होते, आणि त्या संघांतील भगिनींचे संबोधन पुढे इंग्लंडच्या रुग्णालयांतून वरिष्ठ परिचारिकेचे पद म्हणून रूढ झाले. तेथून ते आपल्याकडे आले.

प्लेगच्या काळात ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या कॅथलिक संघाच्या भगिनी मुंबईच्या प्लेग रुग्णालयांत शुश्रूषा करीत होत्या. अन्यत्रही चित्र असेच होते. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९४६ मध्ये परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील प्रशिक्षित परिचारिकांत ख्रिस्ती स्त्रियांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या कितीतरी पट होते. याला श्रद्धा हे एक कारण होते, पण एकमेव नव्हे. मलमूत्र, रक्त आणि परपुरुषाचा स्पर्श यांना आपल्या जातिव्यवस्थेने इतके अपवित्र ठरवले होते, की ‘चांगल्या घरातल्या’ मुलीने या व्यवसायात पडावे असे कुणालाच वाटत नव्हते. इतरांनी मोकळी सोडलेली ही जागा ख्रिस्ती मुलींनी भरली.

याचा अर्थ करुणा ही एका धर्माची मक्तेदारी होती असे मुळीच नाही. त्याच प्लेगमध्ये पुण्यात रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची प्रेरणा सत्यशोधकी होती. मात्र शुश्रूषेला संस्था, प्रशिक्षण आणि वेतनाची चौकट देण्याच्या कामात ख्रिस्ती मिशनांनी पुढाकार घेतला, हे मान्य करावेच लागते.

संशयाची दुसरी बाजू

तितक्याच स्पष्टपणे दुसरी गोष्टही मान्य करायला हवी. मिशन रुग्णालयांच्या मागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि बहुतेक मिशनांनी तो लपवलाही नव्हता. बाह्यरुग्ण विभागात तपासणीपूर्वी बायबलचे वाचन ही अनेक ठिकाणची रीत होती. मदर तेरेसा यांच्या संस्थेत मरणासन्न रुग्णांना त्यांच्या नकळत बाप्तिस्मा दिला जात असे, असा आरोप त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या एका भगिनीने केला होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी मदर तेरेसांच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू होता असे विधान केले, तेव्हा संसदेपर्यंत वादळ उठले.

कायद्याची स्थिती अशी आहे. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले, की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेले कायदे त्यामुळे वैध ठरले. पुढे अनेक राज्यांनी याहून कडक कायदे केले. आसामने २०२४ मध्ये जादूटोण्याने रोगनिवारण करण्याच्या प्रकारांवर कायदा केला, तेव्हा आजाऱ्यासाठी केलेली प्रार्थनाही त्यात गोवली जाईल, अशी भीती तेथील ख्रिस्ती संघटनांनी व्यक्त केली. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

आजारी माणसाच्या असहायतेचा फायदा घेऊन कुणी त्याची श्रद्धा बदलू पाहत असेल, तर ते निषेधार्हच आहे. परंतु कायदा फक्त काय करू नये एवढेच सांगू शकतो. रात्री तीन वाजता ‘सिस्टर, मी वाचेन ना?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला काय उत्तर द्यायचे, हे कोणताही कायदा सांगत नाही.

वेदना शरीरापुरती नसते

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले ते सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका, नंतर समाजसेविका आणि अखेर डॉक्टर झाल्या. श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चौपदरी असते आणि एका पदरावर इलाज करून बाकीचे सोडता येत नाहीत, ही त्यांची मांडणी पुढे जगभर स्वीकारली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पॅलिएटिव्ह केअरची जी व्याख्या केली, तिच्यात आध्यात्मिक वेदनेचा उल्लेख आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिताही रुग्णाच्या आध्यात्मिक श्रद्धांचा आदर राखला जाईल असे वातावरण निर्माण करणे हे परिचारिकेचे कर्तव्य मानते.

मुंबईत ही कल्पना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून पुढे सरकली. तेथील कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना आश्रम सुरू झाला. देशातील हे पहिले हॉस्पिस. ख्रिस्ती भगिनी तेथे शुश्रूषा करतात आणि दाखल होणारे रुग्ण सर्व धर्मांचे असतात. चिंचपोकळीच्या शेजारी भायखळ्याला मिशनरीज ऑफ चॅरिटीचे ‘आशादान’ आहे. घरच्यांनी टाकलेल्यांना, एड्सच्या सुरुवातीच्या भयग्रस्त काळात कुणी स्पर्शही न करणाऱ्यांना, अशा घरांनी जागा दिली.

श्रद्धेतून आलेली सेवा धर्मांतराशिवाय कशी उभी राहते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका बनवले. या कामासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची श्रद्धा त्यांच्या कामाचे इंधन होती. ज्यांच्यासाठी काम केले त्यांनी ती स्वीकारावी, अशी अट मात्र नव्हती.

करोनाने पुन्हा विचारलेला प्रश्न

१७ मार्च २०२० रोजी कस्तुरबा रुग्णालयात महाराष्ट्रातील पहिल्या करोनाबाधिताचा मृत्यू नोंदला गेला. पुढील काही महिन्यांत मुंबईतील हजारो माणसे नातेवाइकांच्या दृष्टीआड गेली. १८९६ ची भीती नव्या रूपात परत आली होती. ३० मार्च रोजी महापालिकेने सर्वधर्मीय करोना मृतांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि विरोध होताच काही तासांत ते बदलले. वांद्र्यातील दफनाला आक्षेप घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले.

मृतदेहाच्या सन्मानाचा निवाडा न्यायालयाने केला. मृत्यूपूर्वीच्या तासांची जबाबदारी मात्र परिचारिकांवर पडली. नातेवाइकांना प्रवेश नव्हता, धर्मगुरूला नव्हता. संरक्षक पोशाखातली, चेहराही न दिसणारी परिचारिका हीच त्या काळात मुलगी होती, भटजी होती, मौलवी होती आणि पाद्रीही. या कामाचे प्रशिक्षण बहुतेकींना कुणी दिलेले नव्हते, आणि त्याची नोंद केसपेपरवर होत नाही.

सीमा कुठे आखायची?

सांत्वन कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो? ब्रिटनमधील दोन प्रकरणे या बाबतीत उद्बोधक आहेत. २००८ च्या अखेरीस घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या एका परिचारिकेने वृद्ध रुग्ण स्त्रीला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असे विचारले. रुग्णाने नकार दिला, गोष्ट कार्यालयापर्यंत गेली आणि परिचारिका निलंबित झाली. बरीच ओरड झाल्यावर फेब्रुवारी २००९ मध्ये तिला परत घेण्यात आले. दुसऱ्या प्रकरणात शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत रुग्णांशी धर्माविषयी बोलू नये, अशी ताकीद मिळूनही एक परिचारिका थांबली नाही. २०१६ मध्ये तिला बडतर्फ करण्यात आले आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ते योग्य ठरवले. पहिली एकदा विचारून, नकार मिळताच थांबली होती. दुसरीने खाटेवरच्या माणसाला ऐकून घेण्यावाचून पर्याय ठेवला नाही.

यातून जे सूत्र निघते ते आपल्याकडेही लागू पडावे. आध्यात्मिक आधाराची दिशा रुग्णाची श्रद्धा ठरवील, परिचारिकेची नव्हे. रुग्णाने विषय काढावा, परिचारिकेने ऐकावे. त्याला पोथी हवी असेल तर पोथी, जपमाळ हवी असेल तर जपमाळ, धर्मगुरू हवा असेल तर त्याला बोलावणे, आणि यांतले काहीच नको असेल तर नुसते शेजारी बसणे. नास्तिकालाही मृत्यूचे भय असते. नकाराचा परिणाम उपचारावर होणार नाही, ही खात्री रुग्णाला असली पाहिजे. कारण इंजेक्शन देणाऱ्या हाताला नाही म्हणणे कुणालाही अवघड असते.

परिचारिकेने आपली श्रद्धा घरी ठेवून यावे, अशी अपेक्षा मात्र अवास्तव आहे. बारा तासांच्या पाळीनंतर तेराव्या तासाला तिला उभे ठेवणारी गोष्ट तीच असू शकते. परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिकांनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिची १९७३ पासून २०१५ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत अखंड ४२ वर्षे शुश्रूषा केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्या पिढ्यानपिढ्यांच्या परिचारिकांत कोण कोणत्या देवाची प्रार्थना करीत होती, हे विचारण्याची गरज कुणालाही भासली नाही.

खरी अडचण मनुष्यबळाची

या सर्व चर्चेला एक रोखठोक बाजू आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयातील सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक, तर इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात ज्यांनी एक रात्र काढली आहे, त्यांना हा निकष आणि वास्तव यांतील अंतर सांगावे लागत नाही. सलाइन बदलण्यास धावणारी परिचारिका कुणाचा हात हाती घेऊन बसणार तरी कधी? मिशन रुग्णालयांत या कामासाठी धर्मगुरू असतो. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत ख्रिस्ती धर्मगुरूंबरोबर हिंदू, मुस्लिम आणि कोणताही धर्म न मानणारे आधारसेवकही नेमले जातात. आपल्या पालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक आहेत, पण त्यांचा बराचसा वेळ आर्थिक मदतीच्या अर्जांत जातो.

खाटेशेजारची जागा राज्यसंस्थेने रिकामी ठेवली, तर ती कुणीतरी भरणारच. कधी निरपेक्ष भगिनी भरेल, कधी हेतू बाळगणारा प्रचारक, कधी गंडेदोरे विकणारा भोंदू. नुसत्या बंदीने ही जागा भरणार नाही. त्यासाठी परिचर्येच्या अभ्यासक्रमातील आध्यात्मिक गरजांचा भाग प्रत्यक्ष वॉर्डात शिकवावा लागेल, मोठ्या रुग्णालयांत सर्व धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्यांच्याही आधारसेवकांची नोंदणीकृत व्यवस्था करावी लागेल आणि परिचारिकांची रिक्त पदे भरावी लागतील. यांतले पहिले काम विद्यापीठांचे, दुसरे रुग्णालय प्रशासनांचे आणि तिसरे सरकारचे व महापालिकेचे आहे. धर्मांतराच्या कायद्यावर जितका वेळ खर्च होतो, त्याचा थोडा हिस्सा या तिसऱ्या कामाला मिळाला, तरी वॉर्डातल्या अनेक रात्री कमी एकाकी होतील.