मुख्याध्यापक घडवायचे कोणी?

शाळेच्या इमारतीचा आराखडा काढणाऱ्या अभियंत्याला पदवी लागते. शाळेचे हिशेब तपासणाऱ्या लेखापरीक्षकाला परीक्षा द्यावी लागते. पहिली ते आठवीच्या वर्गांवर नेमल्या जाणाऱ्या शिक्षकाला तर पदविका किंवा पदवी असूनही शिक्षक पात्रता परीक्षेची कसोटी उतरावी लागते. परंतु ती सबंध शाळा जो चालवितो, त्या मुख्याध्यापकाला शाळा चालविणे कोणी, केव्हा आणि कोठे शिकविले, असा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. चांगला शिक्षक कालांतराने आपोआप चांगला प्रशासक होतो, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. या गृहीताची किंमत लहान गावांतील लहान शाळा आज मोजत आहेत.

या उणिवेवर तरुण शिक्षकांनी स्वतःपुरते एक उत्तर शोधले आहे. एम.एड. करावे, पुढे शैक्षणिक प्रशासन किंवा शैक्षणिक नेतृत्व या विषयात पीएच.डी. मिळवावी आणि तिच्या बळावर शाळेच्या अथवा शिक्षण खात्याच्या प्रशासनात शिरावे, अशी उमेद बाळगणारे शिक्षक देवगड-मालवणपासून सावंतवाडीपर्यंत भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते आणि किमान तीन, साधारणतः कमाल सहा वर्षांची मुदत असते. मे महिन्याची सुटी ग्रंथालयात घालवायची, रात्रीच्या गाडीने मार्गदर्शकाला भेटण्यासाठी मुंबई गाठायची आणि सोमवारी पुन्हा प्रार्थनेला उभे राहायचे, हे कष्ट सोपे नाहीत. त्या जिद्दीचे कौतुकच केले पाहिजे. तथापि ही वाट मुख्याध्यापकाच्या खुर्चीपर्यंत जाते काय, हेही एकदा स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांपुरते याचे उत्तर नियमांतच आहे. योगायोग असा, की ज्या १९८१ साली रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांची सेवाशर्ती नियमावली अमलात आली. तिच्यानुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि एकूण पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव पुरतो. त्यांतली दोन वर्षे बी.एड.नंतरची असावी लागतात. या अटी पूर्ण करणाऱ्या व समाधानकारक सेवेची नोंद असणाऱ्या शिक्षकांपैकी जो सेवाज्येष्ठ, त्याला व्यवस्थापनाने त्या पदावर नेमायचे असते. म्हणजे पीएच.डी. झालेला शिक्षक आणि न झालेला शिक्षक यांत अगोदर कोण रुजू झाला, एवढाच फरक उरतो.

या नियमाची थट्टा करण्याचा मोह आवरला पाहिजे. कोकणातील बहुतेक जुन्या माध्यमिक शाळा मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून, गावच्या मंडळांच्या धडपडीतून आणि दानशूरांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. मालवणचे टोपीवाला हायस्कूल हे त्या दातृत्वाचे ठळक स्मारक आहे. पण जेथे संस्था आली तेथे संस्थाचालक आले, आणि जेथे संस्थाचालक आले तेथे मर्जीही आली. एखाद्या भाच्याला वा जावयाला मुख्याध्यापक करण्यासाठी वीस वर्षे सेवा केलेल्या शिक्षकाला डावलणे, हा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. १९७७ च्या अधिनियमाने आणि त्याखालील नियमांनी शिक्षकाला या मर्जीपासून संरक्षण दिले. ज्येष्ठता हा त्या संरक्षणाचा कणा आहे. तो मोडून 'गुणवत्ता' नावाची सैल वस्तू पुन्हा व्यवस्थापनाच्या हाती देणे म्हणजे मागल्या दाराने जुनी मर्जी आत घेणे होय.

मात्र ज्येष्ठतेने अन्याय टळतो, म्हणून तयारी होते असे नाही. शाळेतील शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि ज्येष्ठतेच्या रांगेत खुर्ची हाती येते ती पुष्कळदा निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेली असताना. तीस वर्षे गणित किंवा संस्कृत उत्तम शिकविलेला माणूस एका सकाळी वेतनदेयके, संचमान्यता, सेवापुस्तके, न्यायालयीन प्रकरणे आणि संस्थेतील गटबाजी यांच्यासमोर उभा केला जातो. पहिले वर्ष समजून घेण्यात जाते, दुसरे निभावण्यात आणि तिसरे निवृत्तिवेतनाचे कागद जुळविण्यात. नंतर पुढचा ज्येष्ठ येतो आणि तोही पहिल्या पानापासून आरंभ करतो.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची अवस्था याहून अवघड आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा शंभराची. आता सिंधुदुर्गाकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना ज्या जिल्ह्याची घटली, त्याच्या वाड्यावाड्यांवरील शाळांत दीडशे मुले कोठून यावयाची? साहजिकच असंख्य शाळांना मुख्याध्यापकाचे पदच नाही. दोन शिक्षकांपैकी जो ज्येष्ठ, त्याच्याकडे कपाटाच्या किल्ल्या येतात. चार इयत्तांना शिकवून उरलेल्या वेळात त्याने जनरल रजिस्टर, कीर्द, पोषण आहाराचा तांदूळ, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त आणि संगणकावर भरावयाची माहिती सांभाळावी, अशी अपेक्षा असते. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनंतर कोकणात शिक्षकांचीच चणचण भासली आणि सेवानिवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मासिक मानधनावर नेमण्याचा निर्णय त्याच जुलैमध्ये शासनाला घ्यावा लागला. जेथे शिकविणाराच तात्पुरता, तेथे चालविणाऱ्याचा विचार कोणी करावा?

जगाने या प्रश्नाची काय उत्तरे शोधली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेने डॉक्टरेटचा मार्ग धरला. तेथे शाळांचे प्रमुख आणि अधीक्षक होऊ इच्छिणारे हजारो लोक शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट घेतात. परंतु टीचर्स कॉलेज या तेथील नामवंत संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हाइन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या शिक्षणक्रमांवर कडक टीका केली आणि शालेय प्रशासकांसाठीची ही डॉक्टरेट बंदच करावी, अशी शिफारस केली. हार्वर्डने २०१० मध्ये नवा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात तिसरे वर्ष प्रत्यक्ष एखाद्या शैक्षणिक संस्थेत काम करण्यासाठी राखून ठेवले. इंग्लंडने २००९ मध्ये नव्या मुख्याध्यापकांना एक राष्ट्रीय अर्हता सक्तीची केली; २०१२ मध्ये ती सक्ती उठविली. सिंगापूरने २००१ पासून वेगळी रीत धरली. ज्यांना शाळेचे प्रमुख करावयाचे आहे अशांना निवडून, खुर्चीवर बसविण्यापूर्वी सहा महिने पूर्णवेळ प्रशिक्षण द्यावयाचे, ही ती रीत. प्रबंध लिहिणे आणि शाळा चालविणे या दोन भिन्न विद्या आहेत, हा या साऱ्या अनुभवांचा निष्कर्ष. दोन्ही शिकाव्या लागतात, पण एकीची पदवी दुसरीचे प्रमाणपत्र होत नाही.

हा विचार आपल्याला परका आहे, असेही नाही. शैक्षणिक प्रशासनाचा भारतातील सर्वांत साक्षेपी विचार करणाऱ्यांपैकी एक, जे. पी. नाईक, हे सह्याद्रीच्या पलीकडल्या उताराचे, कोल्हापूर जिल्ह्याचे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा हाताळणाऱ्या या माणसाने धारवाडजवळच्या एका खेड्यात काम केले होते, गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभारण्यात भाग घेतला होता आणि एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. एकशिक्षकी शाळा हा त्यांना गंभीर अभ्यासाचा विषय वाटला, हे आजच्या संशोधकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. कोठारी आयोगाच्या काळातील विचारमंथनातून १९७० मध्ये दिल्लीत शैक्षणिक नियोजक व प्रशासकांसाठी राष्ट्रीय स्टाफ कॉलेज आले, १९७९ मध्ये त्याची 'नीपा' ही संस्था झाली आणि २०१२ मध्ये तेथे शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र निघाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांना दरवर्षी पन्नास तासांचे प्रशिक्षण सुचविले. दिल्लीहून निघालेला हा प्रवाह आचऱ्याच्या किंवा देवबागच्या शाळेपर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा दोन दिवसांची कार्यशाळा, एक पुस्तिका आणि उपस्थितीचा पट एवढाच उरलेला असतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, वर्षानुवर्षे दहावीच्या निकालात अग्रस्थानी आहे. मग बिघडले काय? बिघडले असे कोणीच म्हणत नाही. तो निकाल शिक्षकांच्या मेहनतीचा आणि पालकांच्या आस्थेचा आहे, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. परंतु निकाल आजच्या मुलांचा असतो. शाळा आणखी दहा वर्षांनी राहील की नाही, हे निकालपत्रक सांगत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले, तेव्हा हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. कोणत्या वाडीची शाळा ठेवावी, कोणती मिळवावी, पावसात ओहोळ ओलांडून मूल किती चालू शकेल, वाहन बंद पडले त्या दिवशी त्याने काय करावे, या प्रश्नांची उत्तरे पटावरील आकड्यात नसतात. ती गावाला ओळखणाऱ्या, आणि अधिकाऱ्यांसमोर आपली बाजू कागदावर नीट मांडू शकणाऱ्या मुख्याध्यापकाजवळ असतात. असा मुख्याध्यापक नसेल तर निर्णय वरच्या वर होतो आणि गावाला नुसता आदेश मिळतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट अशी, की ज्येष्ठतेच्या नियमात एक मोठी सोय दडलेली आहे, तिचा उपयोग आपण केलेला नाही. सेवाज्येष्ठतेची यादी प्रत्येक संस्थेत असते. पुढील पाच वर्षांत कोणाच्या नावावर मुख्याध्यापकपद येणार, हे शाळेच्या शिपायापासून संस्थेच्या चिटणिसापर्यंत सर्वांना ठाऊक असते. जी गोष्ट पाच वर्षे आधी ठाऊक आहे तिची तयारी पाच दिवस आधी का करावी? त्या यादीतील पुढच्या दोघांना कार्यभार येण्यापूर्वी एक सत्र प्रशिक्षणासाठी मोकळे करावे. त्यातील निम्मा काळ अभ्यासाचा असावा, निम्मा एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचा. ज्येष्ठतेला धक्का न लावता तयारीची अट घालता येते. केंद्रप्रमुखांची निम्मी पदे विभागीय परीक्षेतून भरण्याचा निर्णय २०२२ मध्ये घेऊन, केवळ सेवेची वर्षे पुरेशी नाहीत, हे शासनाने एका परीने मान्य केलेच आहे.

दुसरी गोष्ट, ज्या शाळांना नियमाने मुख्याध्यापक मिळू शकत नाही, तेथील पाच-सहा शाळांच्या गटाला एक पूर्णवेळ लिपिक तरी द्यावा. त्याने कीर्द आणि माहितीचे तक्ते सांभाळले, तर किल्ल्या बाळगणाऱ्या शिक्षकाला शाळेचा विचार करण्यास उसंत मिळेल. सगळ्यांत स्वस्त सुधारणा कोणती, असे विचारल्यास तिचेच नाव घ्यावे लागेल.

तिसरी गोष्ट पीएच.डी.ची. ती खुर्चीची शिडी म्हणून करणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव मोठा आहे, हे मार्गदर्शकांनी प्रवेशाच्या वेळीच सांगावे. पण ज्ञान म्हणून तिची गरज सिंधुदुर्गाइतकी क्वचितच कोठे असेल. बहुवर्ग अध्यापन, घटता पट, समूह शाळेचे लाभ-हानी, मुंबईकर मंडळे आणि स्थानिक शाळा यांचे संबंध, हे विषय आपल्या दारात पडून आहेत. त्यांवर येथल्याच शिक्षकाने पाच वर्षे खपून लिहिलेला प्रबंध कोणत्याही समितीच्या धावत्या दौऱ्याहून मोलाचा ठरेल. मात्र अशा शिक्षकाला ना-हरकत पत्रासाठी हेलपाटे घालावे लागू नयेत, आणि त्याचा प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर जमा होऊन तेथेच विसावू नये. त्याचा मराठी सारांश जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढे आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत चर्चिला जावा, निर्णय घेताना तो टेबलावर असावा.

या तीन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, आणि खर्चही फारसा मोठा नाही. ज्येष्ठतेने शिक्षकाला न्याय मिळाला, तो कायम राहिला पाहिजे. परंतु शाळा ही मुलांसाठी असते, आणि आपल्या शाळेचा प्रमुख तयारीनिशी त्या खुर्चीवर बसलेला असावा, हा त्यांचाही न्याय्य हक्क आहे. येत्या जूनमध्ये ज्यांच्या हाती किल्ल्या येणार, त्यांची नावे आजच यादीत लिहिलेली आहेत. त्यांना आता बोलाविणे, एवढेच शिक्षण खात्याने करावयाचे आहे.