परसातील कोंबडी : जातीची निवड

कोंबडीची जात निवडावयाची म्हणजे सर्वांत अधिक अंडी देणारी जात घ्यावयाची, असा समज सर्वत्र रूढ आहे. बंदिस्त कुक्कुटशाळेपुरता तो बव्हंशी खराही आहे. पांढऱ्या लेगहॉर्नच्या निवडक वाणाची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. परंतु त्यासाठी तिला समतोल खाद्य, दिवसाला सुमारे १६ तास प्रकाश आणि शत्रूंपासून संरक्षण द्यावे लागते. तीच कोंबडी उघड्या परसात सोडली, तर तिचा शुभ्र रंग घारीला दुरूनच दिसतो. आणि कोंडा, कण्या व किडे यांवर तिचे ते उत्पादन टिकत नाही.

हा प्रश्न लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातील होते. हे पाच-दहा पक्ष्यांचे कळप बहुधा घरातील स्त्रियाच सांभाळतात. मीठ-तेल, वही-पेन्सिल, आजाऱ्याचे औषध यांसाठी हाताशी येणारा पैसा पुष्कळदा याच खुराड्यातून निघतो.

देशी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. आकडा अगदीच सामान्य, आणि त्यावरूनच तिला टाकाऊ ठरविले जाते. पण ती खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबविते, पिले जपते आणि मुंगसाची चाहूल लागताच झाडावर चढते. ही कामे उत्पादनाच्या तक्त्यात कोठेच लिहिली जात नाहीत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठीच सिद्ध केलेली 'वनराजा' याच्या जवळजवळ दुप्पट अंडी देते व मांसलही असते. मात्र अंगाने जड झाली की तिला पळणे कठीण जाते आणि अंडीही घटतात. त्याच संस्थेची 'ग्रामप्रिया' हलकी असून अंड्यांसाठी अधिक चांगली. दोन्ही रंगीत पिसांच्या आहेत, हा परसात मोठाच गुण होय. परंतु या संकरित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांच्या संततीत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी पिले विकत आणणे आले.

म्हणून देशी कोंबडी हटवून सुधारित आणणे, हा मार्ग योग्य नव्हे. दहा कोंबड्यांच्या कळपात दोन-तीन देशी अवश्य असाव्यात. विकत आणलेली एक दिवसाची पिले रात्रीच्या अंधारात खुडूक कोंबडीच्या पंखांखाली सोडली, तर ती पुष्कळदा त्यांना आपलीच मानते. अन्यथा पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास कृत्रिम ऊब द्यावी लागते. आणि जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे चार-पाच आठवड्यांची, ऊब संपलेली पिले घेणेच शहाणपणाचे. किती पिले वाटली यापेक्षा किती तलंगा अंड्यांवर आल्या, हे मोजले पाहिजे.

देशी रक्त राखण्याचे आणखी एक कारण आहे. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याआधीच इज्जतनगरच्या संशोधकांनी त्याच्यापासून 'श्यामा' व असीलपासून 'निर्भीक' हे संकर घडविले होते. मूळ जातीच उरल्या नाहीत, तर पुढील संकर कशापासून करावयाचे?

जात कोणतीही असो, मानमोडी तिला ओळखत नाही. कुमाऊँतील गावावरून रानीखेत हे नाव पडलेला हा रोग काही दिवसांत सारे खुराडे रिकामे करतो. लस आहे, पहिल्या आठवड्यात डोळ्यांत किंवा नाकात थेंब, आणि सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास टोचणी. अडचण निराळीच आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते व कालविल्यावर थोड्याच तासांत वापरावी लागते. दहा कोंबड्यांची मालकीण ती एकटीने घेत नाही. तेव्हा साऱ्या वस्तीने एकच दिवस ठरवावा, कुपी बर्फात ठेवून आणावी, आणि पक्षी खुराड्यात परतल्यावर, तिन्हीसांजेनंतर, घरोघर लस द्यावी. दिवसा ते हाती लागत नाहीत.