टीव्ही आजीचा, मॉनिटर आपला!

घरात टीव्ही एकच असतो आणि तो आपला कधीच नसतो. पुण्यातल्या फ्लॅटवर तो क्रिकेटवेड्या रूममेटचा आणि गावी गेलं की घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईचा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर हा अलिखित कायदाच! संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की रिमोट आजीच्या हातात. मग तुम्ही पन्नास हजारांचा प्लेस्टेशन आणा, नाहीतर खामगावच्या बाजारातली चांदीची वीट आणा; मालिका संपेपर्यंत थांबायचं म्हणजे थांबायचं.

आणि बॉस, तिचं चुकतं कुठे? वर्षातले अकरा महिने त्या घरात तिला सोबत करतो तो टीव्हीच. आपण दिवाळीला चार दिवस जाणार, पहिल्याच संध्याकाळी हॉलभर वायरी पसरणार आणि तिची ती सोबतही पळवणार. ती भांडत नाही. "खेया बाप्पा तुम्ही," म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसते. हे ज्याला कळलं, त्याने गेम खेळण्यासाठी दुसरा पडदा शोधायलाच हवा.

तो पडदा बहुतेक घरांत आहे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये वर्क फ्रॉम होमसाठी आणलेला मॉनिटर! आमच्या खामगावच्या घरी तो माडीवर धूळ खात होता. गेल्या दिवाळीत भाचा आला तो पीएस फोर घेऊनच. "मामा, टीव्ही त आजीचा हाय. मॉनिटरले जोडून द्या ना!" मी मॉनिटर भिंतीपासून फिरवला आणि आधी त्याची पाठ बघितली. सगळा फंडा तिथेच असतो.

पाठीवर एचडीएमआयचं चपटं तोंड दिसलं की लढाई जिंकली. २००२च्या शेवटी आलेल्या या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. पीएस थ्रीपासून पीएस फाइव्हपर्यंत सगळे कन्सोल, नव्या एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विचचा डॉक, सगळ्यांना हीच वायर चालते. लावा आणि खेळा.

पांढरं, लांबट, बऱ्याच भोकांचं डीव्हीआय असेल तरी घाबरू नका. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी साधी वायर मिळते, कारण दोघांमधला चित्राचा सिग्नल एकाच जातीचा. अडचणी दोनच. आवाज बहुधा येत नाही आणि जुन्या मॉनिटरला एचडीसीपी नावाचं कॉपीविरोधी कुलूप उघडता येत नसेल, तर पडदा काळाच राहतो. पीएस फोर आणि पीएस फाइव्हच्या सेटिंगमध्ये हे कुलूप बंद करता येतं. तेवढा वेळ सिनेमे दाखवणारी ॲप्स चालत नाहीत. पण आपल्याला गेमच खेळायचाय ना!

आणि निळं, तीन ओळींत पंधरा भोकांचं तोंड असेल तर? ते व्हीजीए, १९८७ सालचं. इथे नुसती वायर चालत नाही, कारण एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए ॲनालॉग. आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. घेताना 'एचडीएमआयमधून व्हीजीए' अशी दिशा नीट वाचा, उलट्या दिशेचाही अगदी तसाच दिसतो. हेडफोनचं भोक असलेला घेतलात तर आवाजाचीही सोय झाली. चौकोनी जुन्या मॉनिटरवर चित्र उभं ताणलेलं दिसेल. हिरो जरा सडपातळ दिसतो, इतकंच!

भाच्याचं काम पाच मिनिटांत झालं. मग त्याने माळ्यावरून माझा पीएस टू काढला. जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेलेला हा गडी अजून चालू आहे, पण त्याच्या शेपटीला पिवळी-पांढरी-लाल पिन. "मामा, याले व्हीजीएची छोटी पिन लावली का झालं!" नाही राजा. आपला जुना टीव्ही सेकंदाला साडेपंधरा हजारांच्या आसपास ओळी काढायचा, व्हीजीए मॉनिटरला त्याच्या दुप्पट लागतात. पिन बदलून वेग बदलत नाही. म्हणून तर नव्वदच्या दशकात सामुराईवर मारिओ खेळणारी आमची पिढी टीव्हीलाच चिकटून होती. पुढे कॉम्प्युटरवर केबल दाखवणारे टीव्ही ट्यूनरचे डबे आले, त्यांच्यामागे पिवळ्या पिनेची जागा असायची, आणि जुना कन्सोल मॉनिटरवर आला. आज पिवळ्या पिनेतून एचडीएमआय करणारा छोटा डबा तेच काम करतो.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. लॅपटॉपचं एचडीएमआय साधारणपणे चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही. तिथे कन्सोलची वायर खुपसून काही होणार नाही. लॅपटॉपच वापरायचा असेल तर कॅप्चर कार्ड घ्या, किंवा प्लेस्टेशनचं रिमोट प्ले वापरा. विण्डोज आणि मॅकवर ते २०१६पासून आहे, फक्त घरचं वायफाय दमदार हवं.

आवाजाची सोय तर आणखी सोपी. पीएस फोर आणि पीएस फाइव्हच्या कंट्रोलरलाच हेडफोनचं भोक असतं. माडीवर गोळीबार आणि खाली मालिका, दोघांचा एकमेकांना पत्ता नाही. शिवाय अनेक टीव्ही चित्र सजवण्यात क्षणभर वेळ घालवतात. मॉनिटरला तो नखरा कमी, बटण दाबलं की उडी!

लाइट गेली तर? कन्सोलला खेळताना दीडशे-दोनशे वॉट लागतात, २४ इंची मॉनिटरला पंचवीस-तीस. घरच्या इन्व्हर्टरवर बदल होताना कन्सोल मध्येच बंद पडू शकतो आणि सेव्ह केलेला गेम जाऊ शकतो. कॉम्प्युटरचा यूपीएस असेल तर दोन्ही त्यावर लावा आणि लाइट गेली की गेम सेव्ह करून शहाण्यासारखं बंद करा.

थोडक्यात काय, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसण्याआधी घरी फोन करा आणि मॉनिटरच्या पाठीचा फोटो मागवा. लागेल तो कन्व्हर्टर पुण्यातूनच बॅगेत टाका. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो शोधत गावभर फिरण्यात मजा नाही. शेगावची कचोरी खाऊन झाल्यावर हात धुवा, मगच कंट्रोलरला लावा. आणि हेडफोन एकाच कानाला असू द्या. मालिका संपल्यावर आजी जेवायला हाक मारते, ती ऐकू यायला हवी.