भीती दारूची नव्हतीच!

मागच्या क्विझमध्ये प्रश्न होता, ‘बॅकस कोण?’ मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘आमच्या विंगचं कुलदैवत!’ सगळा हॉल हसला, मीही हसलो. पण मित्रांनो, या रोमन मद्यदेवाला आपण फक्त ‘पार्टीवाला’ करून टाकलंय, आणि ते मला पटत नाही.

बॅकस म्हणजे ग्रीकांचा डायोनिसस. रोममधल्या लिबर या जुन्या देवाशी लोकांनी त्याला एकरूप केलं. लिबर म्हणजे मोकळा, मुक्त! इ.स.पू. १८६ मध्ये रोमच्या सिनेटने याच देवाच्या गुप्त उत्सवांवर बडगा उगारला. लिव्ही हा इतिहासकार सांगतो, सात हजारांहून जास्त स्त्री-पुरुष त्यात गुंतले होते आणि कित्येकांना मृत्युदंड झाला. आरोप काय? रात्रीचा धिंगाणा, व्यभिचार, खून, खोटी मृत्युपत्रं. सगळं अगदी मसाला लावून लिहिलंय. पण लिव्हीने हे लिहिलं घटनेनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी!

माझा भरवसा जास्त आहे तो एका ब्राँझच्या पत्र्यावर. सिनेटचा हुकूम कोरलेला हा पत्रा १६४० मध्ये दक्षिण इटलीत तिरिओलोला सापडला, आता तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यातला मजकूर वाचा (भाषांतरच हो, लॅटिन कुणाला येतंय!). दारूचा त्यात एक शब्द नाही. मग बंदी कशावर? सामाईक पैसा ठेवायचा नाही. आपसात शपथा घ्यायच्या नाहीत. कुणी प्रमुख व्हायचं नाही. पुरुषाने पुजारी व्हायचं नाही. विधीला पाचपेक्षा जास्त माणसं नकोत, त्यात पुरुष दोन आणि बायका तीन. जास्त हवी असतील तर अधिकाऱ्याकडे जा, आणि किमान १०० सदस्य हजर असलेल्या सिनेटची परवानगी आणा! आपली जमावबंदी यापुढे सौम्यच म्हणायची.

कुणी म्हणेल, खून खरंच झाले असतील तर? असतीलही. पण मग खुन्याला पकडा ना, वर्गणीच्या डब्यावर राग कशाला? मला तर सरळ दिसतं: आपल्याला न विचारता माणसं एकत्र येतात, पैसा जमवतात, स्वतःचा पुढारी निवडतात, ही सिनेटची खरी पोटदुखी होती.

नाहीतर त्याच लिबरचा १७ मार्चचा सण कसा चालू राहिला? त्या दिवशी म्हाताऱ्या बायका रस्त्यावर मधाच्या पोळ्या विकत, वयात आलेली पोरं पहिल्यांदा मोठ्यांचा टोगा नेसत. सगळं उघड्यावर, सरकारमान्य. त्याला कुणी हरकत घेतली नाही.