उद्याचा ठेवा, आजचं कर्ज

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी साठ हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी? तर मुलाला सेकंडहँड बुलेट घ्यायची, त्यात तेवढे कमी पडतायत. "अहो वहिनी, पाचशे सीसीची आहे. 2020 मध्ये कंपनीने ते इंजिन आपल्याकडे बंद केलं. पुढे दुप्पट भाव येईल म्हणतो."

मुलगा अगदीच खोटं बोलत नव्हता. यामाहाची आरएक्स 100 आठवते ना? 1985 ते 1996 एवढीच ती आपल्याकडे बनली. आमच्या कॉलेजबाहेर तिच्या आवाजाने कान किटायचे! आज चांगल्या राखलेल्या गाडीला शौकीन लाखाच्या वर मोजतात. पण मैत्रिणींनो, तेव्हा ती कोणी भाव येईल म्हणून घेतली नव्हती. वापरून वापरून बहुतेक भंगारात गेल्या, म्हणून उरलेल्यांना मोल आलं. आता सगळेच झाकून ठेवायला लागले, तर दुर्मीळ काय राहणार?

आमच्या दारात 2016 ची बजाज व्ही 15 आहे. 1971 च्या युद्धात लढलेली आपली 'विक्रांत' 2014 मध्ये मोडीत निघाली, तिचं पोलाद या गाडीच्या टाकीत वापरलंय. आता ही गाडी बनत नाही. एक्स्चेंजमध्ये पंधरा हजार मिळत होते, म्हणून मीच "काढून टाका" म्हणून मागे लागले होते. तर सासरे टाकीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, यात आपलं जहाज आहे." मी गप्प बसले. गाडी राहिली.

पण तिला मी गुंतवणूक म्हणणार नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे आमची 2066 साली! मी असलेच तर पंच्याऐंशी ओलांडलेली असेन. तोवर विमा, पीयूसी, टायर, बॅटरी, 15 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. हा खर्च कोण धरतं?

मी बैठकीत "नाही" म्हटलं. गटाचा पैसा म्हणजे कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या मुलीची फी. ताई रागावल्यात, अजून बोलत नाहीत. मला वाईट वाटतं, पण मत बदललेलं नाही.

घरात अशी गाडी असेल तर जरूर जपा. आरसी, खरेदीची पावती, सर्व्हिस बुक एका पिशवीत ठेवा. रंग बदलू देऊ नका, काढलेले मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका. आणि अधूनमधून चालवा, नुसती उभी राहिली तरी गाडी खराब होते. मात्र उद्याच्या भावासाठी आज हप्ते काढू नका. मुलं हट्ट करतील, पण हप्त्याच्या तारखेला पदर शेवटी आपलाच चाचपावा लागतो.