डोकं वेगळं, केस वेगळे

नालासोपाऱ्याच्या आचोळ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये टँकर रिकामा झाला की वॉचमन पंप लावतो, आणि पुढचा अर्धा तास घराघरांतून बादल्या भरल्याचा आवाज येत राहतो. उन्हाळाभर हेच. या पाण्याची बादली सुकली की काठाला पांढरी कड धरते, ती चिंचेनं घासली तरच जाते. तुरीची डाळ या पाण्यात पाच शिट्ट्यांनंतरही बोटाला लागते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणायचे, म्हणजे ज्यात साबणाला धड फेस येत नाही ते. याच पाण्यानं मी अठरा वर्षं माझे कुरळे केस धुते आहे. त्यातली गेली तीन वर्षं ते बहुतेक वेळा शॅम्पूनं धुतलेच नाहीत. कंडिशनरनं धुतले.

ही गोष्ट मी एकदा सकाळच्या लोकलमध्ये बोलून गेले आणि नालासोपाऱ्यापासून अंधेरीपर्यंत माझी उलटतपासणी झाली. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी उरलेली पूर्ण केली. आक्षेप तीनच होते, पण फिरून फिरून तेच. फेस येत नाही, तर मळ कसा जाणार? हे परदेशातलं फॅड आपल्याकडे कशाला? आणि एवढी कटकट करण्यापेक्षा केस एकदाचे सरळ का करून टाकत नाहीस? हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याला उत्तर द्यायला हवं. नंतर माझ्याच बाजूच्या लोकांचीही झडती घ्यायची आहे, कारण शॅम्पू सोडलेल्यांचा एक पंथ झाला आहे आणि पंथ म्हटला की भाबडेपणा आलाच.

आधी फेस. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पापुद्र्यात कोंडलेली हवा. मळ ती काढत नाही. मळ काढतो तो शॅम्पूतला दुतोंडी रेणू, ज्याचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. तेलकट मळाला चारी बाजूंनी वेढून तो पाण्याबरोबर नेतो. असे दुतोंडी रेणू कंडिशनरमध्येही असतात, फक्त त्यांचा विद्युतभार उलटा असतो. शॅम्पूतल्या मुख्य रेणूवर ऋण भार, कंडिशनरमधल्यावर धन. केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचा रेणू त्याला चिकटून बसतो आणि केस गुळगुळीत लागतो. चिकटण्याआधी मात्र तो आणि त्याच्यासोबतचे स्निग्ध घटक, चोळले तर, धूळ आणि हलकं तेल सोडवतात. चेहऱ्यावरची पावडर साध्या क्रीमनं निघते, तसंच हे.

कंडिशनरची धुण्याची ताकद शॅम्पूपेक्षा कमी असते, हे मी खुशाल मान्य करते. कुरळ्या केसाला ती कमीच हवी असते. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून घसरगुंडीसारखं खाली उतरतं. कुरळ्या केसात ते पहिल्या दोन-तीन वळणांतच अडकतं, खांद्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे सरळ केसवालीची टोकं तेलकट आणि कुरळ्या केसवालीची राठ. ज्या टोकांवर काढण्यासारखं तेल नाही, तिथे दर दोन दिवसांनी कडक शॅम्पू फासायचा आणि मग केस पिंजारले म्हणून रडायचं, यात कुठलं शहाणपण?

आता परदेशी फॅडचा मुद्दा. कुरळे केस कंडिशनरनं धुण्याची रीत ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकातून जगभर पोचवली ती न्यूयॉर्कच्या केशरचनाकार लोरेन मॅसी यांनी, हे खरं. पण मग शॅम्पू कुठला? हा शब्द आपल्याच चंपीच्या घरातला. पाटण्याला १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडात गेले आणि एकोणिसाव्या शतकात ब्रायटनच्या किनाऱ्यावर बाष्पस्नान आणि चंपी करून देऊ लागले. तिथल्या राजांचे ते ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाले. तेव्हा शॅम्पू म्हणजे अंग चोळणं, रगडणं. बाटलीतला फेसाळ द्रव हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. आपल्या गावोगावच्या दुकानांत तो शिरला पुड्यांच्या माळा लटकू लागल्यावर. तमिळनाडूच्या कडलूरहून १९८३ मध्ये सुरू झालेल्या चिक शॅम्पूच्या पुडीचा त्यात मोठा वाटा. म्हणजे आज ज्याला आपण ‘नेहमीचं’ म्हणतो, ते आपल्या आयांच्या तरुणपणी नवंच होतं.

त्याआधी काय होतं? शिकेकाई आणि रिठा होते, त्यांच्यात सॅपोनिन असतं, तेच मळ काढतं. पण माझी आजी तेवढ्यावर थांबत नसे. जास्वंदीची पानं ती पाण्यात कुस्करायची आणि हिरवा, शेंबडासारखा बुळबुळीत गर गाळून घ्यायची. शिकेकाईचं पाणी टाळूला, बोटांच्या पेरांनी. जास्वंदीचा गर मानेखालच्या केसांना, वरून खाली, बोटांत गुंता सोडवत. कुणाकडे जास्वंद नसेल तर जवस उकळून त्याचा चीक, नाहीतर भिजवलेली मेथी वाटून. हे सगळे चिकट, बुळबुळीत पदार्थ त्या काळचे कंडिशनरच होते. आपण त्या रीतीचा फेसाळ अर्धा भाग ठेवला आणि बुळबुळीत अर्धा टाकून दिला. परदेशी बाईनं तो बाटलीत भरून परत दिला, तर आता त्याला फॅड म्हणायचं!

तिसरा आक्षेप, सरळ करून टाक. याला माझं पहिलं उत्तर हवामानाचं आहे. केसातल्या प्रथिनांना आकारात धरून ठेवणारे काही बंध पाण्यानं सुटतात आणि सुकताना नव्या जागी पुन्हा जुळतात. दमट हवेत हा खेळ दिवसभर चालतो. केस ओलावा इतका इमानदारीनं ओळखतो की स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्याच केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र मांडलं. वसईच्या खाडीवरून जुलैत जी हवा येते तिच्यापुढे इस्त्रीनं सरळ केलेला केस स्टेशनपर्यंतसुद्धा टिकत नाही. दुसरं उत्तर रसायनांचं. महिनोन्महिने केस सरळ ठेवणाऱ्या काही उपचारांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ते मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्याच्याऐवजी आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या उपचारानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. पिंजारलेल्या केसांपायी कुणी मूत्रपिंड पणाला लावू नये.

तिसरं उत्तर आमच्या गावाकडचं. रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की सोपाऱ्याचा स्तूप आहे, लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तो उकरला, तेव्हा पेटीत पेटी ठेवलेला करंडक आणि ब्राँझच्या बुद्धमूर्ती सापडल्या. बहुतेक बुद्धमूर्तींच्या डोक्यावर काय असतं ते एकदा नीट पाहा. बारीक बारीक कुरळ्या वळ्या. दीड-दोन हजार वर्षं मूर्तिकारांना त्या खटकल्या नाहीत. आम्हाला मात्र लग्नाच्या फोटोआधी मुलीचे केस दाबून काढायचे असतात.

हे झालं खंडन. आता आमच्या पंथाकडे वळते.

‘शॅम्पू म्हणजे विष, सल्फेटनं कर्करोग होतो’ असं बायका छातीठोकपणे सांगतात. सल्फेटवाला शॅम्पू केस कोरडे करतो, काहींच्या त्वचेला झोंबतो, इथपर्यंत ठीक. कर्करोगाच्या दाव्याला पुरावा नाही. ‘नैसर्गिक’ आणि ‘रसायनविरहित’ ही बाटलीवरची जाहिरात आहे. जास्वंदीचा गरही रसायनच.

दुसरा दावा अधिक घातक: शॅम्पू पूर्ण सोडा, सुरुवातीला खाज येईल, कोंडा पडेल, पण टाळूला सवय होते. मी हे मनापासून केलं. सहा आठवडे एक थेंब शॅम्पू नाही. कुरळ्या बटा अशा सुटल्या की ऑफिसात कौतुक झालं. पाचव्या आठवड्यात कानामागे खाज सुरू झाली, सहाव्यात काळ्या कुर्त्यावर पिवळसर, तेलकट पापुद्रे. त्वचारोगाच्या डॉक्टर टाळू पाहून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘केस छान आहेत हो, पण डोकं कधी धुतलंत?’’

त्या एका वाक्यात सगळा वाद मिटतो. केस मृत असतो, टाळू जिवंत कातडी असते. कातडीवर मलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच असते आणि ती तेलावर जगते. घाम आणि दिवसभराची धूळ त्यात मिसळली, वर कंडिशनरचे थर चढले, की ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती आहे त्यांची टाळू चवताळते. तेल किती पाझरायचं हे मुख्यतः संप्रेरकं ठरवतात. आपण शॅम्पूवर रुसलो म्हणून तेलग्रंथी संपावर जात नाहीत. विरार लोकलच्या गर्दीतून रोज घामाघूम होऊन येणाऱ्या बाईला ‘सवय होईल’ असं सांगणं ही फसवणूक आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, खोबरेल. शनिवारी रात्री डोकं तेलानं थबथबवायचं आणि रविवारी नुसत्या कंडिशनरनं धुवायचं, तर सोमवारी उशीलाही वास येतो. तेलाला माझा विरोध नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्यात होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. खनिज तेलानं आणि सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवून वाचावं, पण प्रयोग ढोबळ नाही. फक्त तेल टोकांना, थोडं, आणि धुण्याआधी.

आणि ज्यांना वाटतं की कंडिशनर म्हणजे निरुपद्रवी लोणी, त्यांनी अमेरिकेतलं प्रकरण आठवावं. ‘वेन’ नावाचं धुण्याचं कंडिशनर तिथे तुफान खपलं. जुलै २०१६ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं लोकांना सावध केलं: प्रशासनाकडे थेट १२७ तक्रारी, कंपनीकडे आलेल्या एकवीस हजारांवर, केस गळण्याच्या, तुटण्याच्या, पुरळाच्या. नेमकं कारण प्रशासनाला सांगता आलं नाही, म्हणून मी त्या बाटलीला दोषी ठरवत नाही. पण फेस नाही म्हणजे धोका नाही, हे समीकरण तिथे संपलं.

राहिलं पाणी. माझे केस राठ होण्याचं अर्धं खापर मी वर्षानुवर्षं शॅम्पूवर फोडलं. त्याच बाटलीनं पुण्याला बहिणीकडे धुतले की केस मऊ. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! टँकरनं येणाऱ्या बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसावर बसतं आणि नुसतं कंडिशनर ते काढत नाही. क्षार धरून ठेवणारा घटक असलेला शॅम्पू अधूनमधून लागतो. शेवटचे दोन तांबे तरी नळाला सूर्या धरणाचं पाणी आलं असेल त्या दिवशी भरून ठेवलेल्या कळशीतले घ्यावेत.

तर मंडन असं. आठवड्यातून एकदा, घाम फार असेल तर दोनदा, शॅम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. मधल्या दिवशी केस धुवावेसे वाटले तर कंडिशनर, मानेखालच्या लांबीला, मूठभर, नीट चोळून आणि नीट धुऊन. गुंता तेव्हाच, ओल्या आणि बुळबुळीत केसांत, बोटांनी किंवा फार तर रुंद दातांच्या कंगव्यानं सोडवायचा. बाटलीच्या मागे डायमेथिकोन लिहिलेलं असेल तर ती या कामाला नको, कारण त्याचा थर कंडिशनरनं उतरत नाही. पुसायला खरखरीत टॉवेल नको, जुना सुती पंचा हवा. कोंडा किंवा टाळूचा आजार असेल तर आधी डॉक्टर. खर्चाचंही सांगते: शॅम्पूच्या एका पुडीत जिथे काम होतं, तिथे कंडिशनर बरंच जास्त जातं आणि धुवायला एखादी बादली जास्त लागते. टँकरच्या बिल्डिंगमध्ये हा खर्च क्षुल्लक नाही. म्हणूनच रोज धुवायचं नाही.

परवा काकूंनी बेल वाजवली. सोबत नात, सातवीतली, डोक्यावर काळं वादळ. ‘‘हिचे केस बघ गं, रोज विंचरताना रडते,’’ त्या म्हणाल्या आणि मग, जरा आवाज उतरवून, ‘‘ते तुझं कंडिशनर हिला चालेल का?’’

‘‘रविवारी घेऊन या,’’ मी म्हटलं. ‘‘शॅम्पू मात्र तुमच्याकडचा आणा. आधी डोकं धुऊ, मग केस.’’